बेकायदा संपात सहभागी झालेल्या कामगारावर कोणती कायदेशीर कारवाई होऊ शकते : टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

संप बेकायदा ठरला की सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या, अशी आवई कारखान्याच्या गेटवर फार लवकर उठते. आणि तितक्याच ठामपणे कोणीतरी म्हणतो की मागणी रास्त असेल तर संप बेकायदा ठरेलच कसा. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींपायी माणसांचे नुकसान झालेले आहे. मागणी कितीही न्याय्य असली तरी संप कायदेशीर आहे की नाही हे बहुतांशी नोटिशीच्या आणि समेटाच्या तारखांवरून ठरते. तो बेकायदा ठरल्यानंतर एखाद्या कामगाराची नोकरी टिकेल की जाईल हे मात्र त्या दिवसांत त्याने स्वतः काय केले, आणि नंतर आलेल्या कागदांना काय उत्तर दिले, यावर अवलंबून असते. म्हणून हा लेख तारखांपासून सुरू होतो आणि कागदांवर जास्त रेंगाळतो.

आधी आपल्याला कोणता कायदा लागतो ते पाहा

खासगी कारखाने आणि बहुतेक आस्थापनांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असून १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिने मागे सारला आहे. महाराष्ट्रात याशिवाय १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा राज्याचा कायदा आहे. संहितेने जे कायदे रद्द केले त्यांच्या यादीत या कायद्याचे नाव नाही, त्यामुळे युनियनच्या वकिलाला दोन्ही कायदे शेजारी ठेवूनच सल्ला द्यायला सांगावे.

सरकारी कर्मचाऱ्यांची वाट वेगळी आहे. त्यांना सेवा नियम लागतात आणि केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत संपाला सरळ बंदी आहे. संघटना स्थापन करण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितले होते. तमिळनाडू सरकारने २००३ मध्ये संपावर गेलेल्या लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढले, तेव्हा न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक हक्कही नाही असे म्हटले, आणि बहुतेकांना परत घेतले गेले ते बिनशर्त माफी व हमी लिहून दिल्यानंतरच. एखादी सेवा अत्यावश्यक ठरवून सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्यासाठीचा राज्याचा कायदा, लावला असेल, तर प्रश्न केवळ शिस्तभंगाचा राहत नाही. त्या आदेशाविरुद्ध संप करणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

यापुढचे विवेचन मुख्यतः औद्योगिक कामगारांसाठी आहे.

संप बेकायदा कधी ठरतो

जुन्या केंद्रीय कायद्यात नोटिशीची सक्ती फक्त सार्वजनिक उपयोगिता सेवांना होती. संहितेच्या ६२ व्या कलमाने ती सर्वच औद्योगिक आस्थापनांना लावली, आणि हा बदल अजून अनेक शॉपफ्लोअरपर्यंत पोचलेला नाही. आता नोटीस न देता केलेला संप बेकायदा आहे, नोटीस दिल्यापासून चौदा दिवसांच्या आत केलेला संप बेकायदा आहे, आणि नोटिशीत जी तारीख दिली तिच्या आधी केलेलाही बेकायदा आहे. नोटीस साठ दिवसांपुरतीच उपयोगी पडते. समेट अधिकाऱ्यापुढची, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढची, कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस, तसेच न्यायाधिकरणापुढची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर साठ दिवस संपाला मनाई आहे. जो पगारवाढीचा करार किंवा निवाडा अमलात आहे, त्यातल्याच विषयांवर त्या मुदतीत संप करता येत नाही.

हे सगळे वाचताना सोपे वाटते, पण तारखा मांडल्या की अडचण दिसते. समजा युनियनने २ जूनला नोटीस दिली आणि २० जूनपासून संप जाहीर केला. चौदा दिवस १६ जूनला पुरे होतात, म्हणून कामगार निर्धास्त राहतात. पण नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक १० जूनला घेतली, आणि संहितेनुसार समेट कार्यवाही त्या पहिल्या बैठकीच्या दिवसापासून सुरू झाली असे धरले जाते. बोलणी फिसकटून कार्यवाही २२ जूनला संपली असे धरले, तर पुढचे सात दिवस २९ तारखेपर्यंत जातात. म्हणजे २० जूनला जे बाहेर पडले त्यांनी नोटीस देऊनही बेकायदा संप केला, आणि ३० जूनला बाहेर पडले असते तर तोच संप कायदेशीर ठरला असता. तोही कधी, तर मधल्या काळात कंपनीने न्यायाधिकरणाकडे अर्ज केला नसता तर. कायदेशीर संपाची वाट इतकी अरुंद का ठेवली, यावर कामगार चळवळीत मोठा आक्षेप आहे आणि मला तो रास्त वाटतो. पण पगारपत्रक आणि आरोपपत्र त्या आक्षेपाकडे पाहून तयार होत नाहीत, म्हणून बाहेर पडण्याआधी या तारखा कागदावर मांडून पाहाव्यात.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. संप कायदेशीरपणे सुरू झाला असेल आणि वाद नंतर न्यायाधिकरणात गेला, तर संप चालू ठेवणे सहसा बेकायदा ठरत नाही. मालकाने बेकायदा टाळेबंदी केली म्हणून त्याला उत्तर म्हणून केलेला संपही बेकायदा नाही. याची उलट बाजूही आहेच: बेकायदा संपामुळे मालकाने जाहीर केलेली टाळेबंदी बेकायदा धरली जात नाही.

"आम्ही संप केलाच नाही, रजा टाकली होती" हा बचाव आता चालत नाही. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकत्र किरकोळ रजा घेतली, तर संहितेच्या व्याख्येत तो संपच आहे. कामावर हजर राहून हात आखडता घेणे, म्हणजे गो-स्लो, हे तर गंभीर गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये एका साखर कारखान्याच्या प्रकरणात सांगितले आहे. काहींना गो-स्लो संपापेक्षा सुरक्षित वाटतो. माझ्या मते तो कामगारासाठी अधिक धोक्याचा आहे, कारण संपात गैरहजेरी सगळ्यांची सारखी असते, तर गो-स्लोमध्ये प्रत्येकाच्या उत्पादनाचा आकडा त्याच्या नावासमोर लिहिलेला असतो.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात आणखी एक अट आहे: मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीआधी तिच्या सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो. त्याच कायद्यात एक सुटकेची खिडकीही आहे. कामगार न्यायालयाने संप बेकायदा असल्याचे जाहीर केल्यावर ४८ तासांच्या आत तो मागे घेतला, तर त्या कायद्यापुरता तो बेकायदा धरला जात नाही. न्यायालयाचा निर्णय संध्याकाळी आला आणि युनियनने दोन दिवसांनी सभा ठेवली, तर ही खिडकी सभेआधीच बंद झालेली असते. म्हणून निर्णयाची प्रत कोण आणणार आणि कार्यकारिणी किती तासांत बसणार, हे आधीच ठरवून ठेवावे.

पगारावर काय परिणाम होतो

संपाच्या दिवसांचा पगार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात पक्के केलेले सूत्र असे, की संपकाळाचा पगार मागायचा असेल तर संप कायदेशीरही हवा आणि समर्थनीयही हवा. संप बेकायदा असेल तर दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही.

त्याहून कमी ठाऊक असलेली तरतूद आठ दिवसांच्या कपातीची आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोकरीच्या अटींप्रमाणे आवश्यक असलेली सूचना न देता व रास्त कारण नसताना गैरहजर राहिले, तर गैरहजेरीच्या पगाराखेरीज सूचनेच्या बदल्यात जास्तीत जास्त आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येते. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही आहे. पण ही कपात आपोआप होत नाही: नेमणुकीच्या अटींत सूचनेचे कलम असेल तेव्हाच ती करता येते. म्हणून पगाराच्या चिठ्ठीत अशी रक्कम दिसली, तर नेमणूकपत्र काढून ते कलम आहे का, हे आधी पाहावे. कामाच्या जागी बसून काम नाकारणाराही येथे गैरहजरच धरला जातो.

पगाराहून दूरगामी नुकसान सेवेच्या सलगतेचे आहे. बेकायदा नसलेल्या संपाचे दिवस सलग सेवेत मोजले जातात, बेकायदा संपाचे तसे मोजले जात नाहीत. सलग सेवेसाठी लागणारे वर्षाचे २४० दिवस ज्याचे जेमतेम भरत असतात, त्याला पुढे नोकरकपातीची भरपाई मागताना हा फरक भोवतो.

फौजदारी खटला किती खरा, किती भीतीचा

संहितेच्या ८६ व्या कलमानुसार बेकायदा संप सुरू करणाऱ्या, चालू ठेवणाऱ्या किंवा पुढे नेणाऱ्या कामगाराला किमान १,००० आणि कमाल १०,००० रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या कायद्यात हा दंड ५० रुपयांपर्यंत होता. इतरांना संपाला चिथावणाऱ्याला किंवा बेकायदा संपाला जाणूनबुजून पैसे पुरवणाऱ्याला १०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. संपकरी कुटुंबांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांनी ही दुसरी तरतूद नीट वाचावी.

एवढे असले तरी मालक थेट पोलीस ठाण्यात जाऊन केवळ "बेकायदा संप केला" एवढ्यावर खटला उभा करू शकत नाही. न्यायालय या गुन्ह्याची दखल सरकारच्या किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच घेते, आणि गुन्हा ठरावीक रक्कम भरून मिटवण्याचीही सोय संहितेत आहे. संपामुळे झालेल्या तोट्याची भरपाई कामगारांकडून वसूल करून देणारा एक लवादाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये टिकू दिला नव्हता; बेकायदा संपासाठी कायद्यातच शिक्षा सांगितलेली असताना असा वेगळा दावा चालणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली होती. "कंपनीचा तोटा तुमच्या घरावर बोजा चढवून वसूल करू" ही धमकी म्हणून फारशी मनावर घेऊ नये.

मात्र गेटवर वाहन अडवणे, कामावर जाणाऱ्याला धक्काबुक्की करणे, अधिकाऱ्याला केबिनमध्ये कोंडून ठेवणे, यंत्राची नासधूस करणे हे भारतीय न्याय संहितेखालचे स्वतंत्र गुन्हे आहेत. संप कायदेशीर असला तरी ते गुन्हेच राहतात. त्यांचा आर्थिक फटकाही वेगळा आहे: दंगेखोर किंवा हिंसक वर्तनासाठी बडतर्फ झालेल्या कामगाराचा बोनसचा हक्क जाऊ शकतो आणि ग्रॅच्युइटी पूर्णतः वा अंशतः जप्त होऊ शकते. नुसत्या संपातील सहभागाने ग्रॅच्युइटी जात नाही.

आरोपपत्र आल्यावर

नोकरी सहसा वाचते किंवा जाते ती याच टप्प्यावर. बेकायदा संपात भाग घेणे हे स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या व शिस्तीच्या नियमांनुसार, गैरवर्तन आहे, त्यामुळे आरोपपत्र देण्याचा मालकाला अधिकार आहे. पण शांतपणे बाहेर राहिलेला कामगार आणि इतरांना अडवणारा किंवा हिंसा करणारा कामगार यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एका जलवाहतूक कंपनीच्या प्रकरणात १९६० च्या सुमारासच सांगितले. गुजरातमधील पोलादी नळ्यांच्या कारखान्यातून शेकडो कामगारांना एकदम काढले होते, त्या प्रकरणात १९७९ च्या अखेरीस न्यायालयाने बडतर्फीसाठी प्रत्येकाचा स्वतंत्र दोष सिद्ध व्हायला हवा, सामूहिक गुन्हेगारीचे गृहीतक पुरेसे नाही, असे म्हटले. कामगाराच्या बाजूचा सर्वात भक्कम आधार हाच आहे. पण त्याचा फायदा मिळतो तो उत्तर देणाऱ्याला. "युनियन बघून घेईल" म्हणून पाकीट न घेणाऱ्याची चौकशी एकतर्फी होते, आणि साक्षीदाराला उलट प्रश्न विचारणारे कोणी नसल्याने मोघम आरोपही सिद्ध झाल्याची नोंद होते.

आरोपपत्र बहुधा छापील असते: नाव आणि टोकन नंबर बदलायचा, बाकी मजकूर सर्वांना सारखा. त्यात "इतर कामगारांसह गेटवर जमून कामावर येणाऱ्यांना धमकावले" असे एखादे वाक्य असते. त्याला देण्याचे उत्तर थोडक्यात असे असू शकते :

"आरोपपत्र दि. ... रोजी मिळाले. मी कोणासही अडविलेले किंवा धमकावलेले नाही आणि कंपनीच्या कोणत्याही मालमत्तेस हानी पोचविलेली नाही. मी कोणास, कोणत्या दिवशी, किती वाजता व कोठे धमकावले याचा उल्लेख आरोपपत्रात नाही. तो तपशील, तसेच ज्या तक्रारीवर हा आरोप आधारित आहे तिची प्रत मिळावी. त्यानंतर सविस्तर उत्तर देण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे. आरोप मला मान्य नाहीत."

गैरहजेरी खरी असेल तर ती खोटी नाकारू नये, कारण हजेरीपट एका मिनिटात ते खोटे पाडतो आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. संप बेकायदा असल्याचे मात्र लेखी मान्य करण्याची घाई करू नये. तो निर्णय न्यायालयाचा आहे. उत्तराच्या प्रतीवर पोचेची सही व तारीख घ्यावी, आणि सही नाकारली तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने उत्तर पाठवावे.

चौकशीला प्रत्येक तारखेला हजर राहावे, मदतनीस म्हणून सहकारी कामगार मागावा आणि साक्षीदाराला फक्त आपल्यापुरते विचारावे: मला कुठे पाहिले, किती अंतरावरून, मी काय बोललो. निलंबन केले असेल तर पहिल्या नव्वद दिवसांत वेतनाच्या पन्नास टक्के आणि, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, पुढे पंचाहत्तर टक्के निर्वाह भत्ता मिळायला हवा.

बडतर्फी झालीच तर दोन गोष्टी लगेच तपासाव्यात. पहिली, त्या वेळी समेट अधिकारी किंवा न्यायाधिकरणापुढे वाद प्रलंबित होता का. असेल, तर वादाशी निगडित गैरवर्तनासाठी मालकाला आधी परवानगी घ्यावी लागते आणि इतर गैरवर्तनासाठी एक महिन्याचे वेतन देऊन मंजुरीचा अर्ज करावा लागतो. तसे केले नसेल तर बडतर्फीचा पाया ढासळतो. दुसरी गोष्ट मुदतीची. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही, आणि राज्याच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार नव्वद दिवसांत करायची असते. "पुढच्या करारात सगळ्यांना परत घेतील" या आशेवर हे नव्वद दिवस हमखास निघून जातात. शिक्षा दोषाच्या मानाने फार जबर वाटल्यास न्यायाधिकरण ती कमी करू शकते, आणि केवळ गैरहजेरीसाठी केलेल्या बडतर्फीत हा मुद्दा आवर्जून मांडावा.

कामावर परतताना

न्यायालयाच्या मध्यस्थीने परतण्याची मुदत मिळते तेव्हा ती वाया घालवू नये. २०२१-२२ च्या एसटी संपात हजारो कर्मचारी निलंबित व बडतर्फ झाले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये २२ तारखेपर्यंत रुजू होण्याची संधी दिली होती. अशा मुदतीचा लाभ तारीख पाळणाऱ्यालाच मिळतो.

गेटवर बहुधा हमीपत्र पुढे केले जाते. कायदेशीर संप करून परतणाऱ्याकडून चांगल्या वर्तनाची हमी मागणे ही मालकाची अनुचित प्रथा आहे, पण संप बेकायदा असेल तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणून मजकूर वाचून सही करावी: "यापुढे शिस्त पाळीन" लिहून देणे एक आणि "मी बेकायदा संपात भाग घेऊन हिंसाचार केला" याखाली सही करणे दुसरे. दुसरा मजकूर पुढे चौकशीत पुरावा म्हणून वापरला जातो.

संप मिटवणाऱ्या करारात संपकाळ बिनपगारी रजा धरला जाईल, सेवेत खंड पडणार नाही, आरोपपत्रे मागे घेतली जातील आणि मालकाने केलेल्या पोलीस तक्रारींचे काय होईल, हे सारे स्पष्ट लिहून घ्यावे. "सूडबुद्धीने कारवाई होणार नाही" एवढेच वाक्य असेल, तर आधीच दिलेली आरोपपत्रे जिवंत राहतात. आणि करार होऊनही तुम्हाला गेटवरून परत पाठवले, तर त्याच दिवशी व्यवस्थापनाला दोन ओळींचे पत्र द्यावे: अमुक तारखेला, अमुक पाळीला, इतक्या वाजता मी कामासाठी हजर झालो आणि मला आत घेतले नाही. प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन शिक्का घ्यावा; त्या दिवसापासूनची गैरहजेरी कोणाची, हा वाद पुढे याच शिक्क्यावर सुटतो.